मालवणच्या घड्याळवाल्या काकांना, माझं न झोपणारं यंत्र झोपवल्याबद्दल

सप्रेम नमस्कार काका,

तुमच्याकडे बटणांचा फोन आहे त्यामुळे हे तुम्ही स्वतः वाचणार नाही हे माहितीय, पण तुमचा नातू दिवसभर मोबाइलमध्येच असतो असं तुम्हीच करवादून सांगत होतात, तर त्याच्यापर्यंत हे पोचेल आणि तो आजोबांना वाचून दाखवेल एवढ्या भरवशावर लिहितेय.

मी ती पुण्याची, नोव्हेंबरात शनिवारी भर दुपारी तुम्ही जेवायला निघालेलात तेव्हा आलेली, हातात माझा डाइव्ह कॉम्प्युटर घेऊन, ते काळं जाडजूड यंत्र, ज्याचा सेल सारखा संपत होता. मी आधीच विचारलं होतं की काका तुम्ही असलं काही कधी उघडलंय का, आणि विचारतानाच माझा सूर जरा चढा होता, त्याबद्दल आधी सॉरी. तुम्ही रागावला नाहीत, चष्मा कपाळावरून खाली घेतलात आणि एवढंच म्हणालात, "ह्यां ठेवतंस खंय?" म्हणजे, हे ठेवतेस कुठे?

त्याआधीच्या दीड महिन्यात मी जेवढ्या लोकांना विचारलं ना, त्यातल्या एकानेही हा प्रश्न विचारला नव्हता. सगळे विचारायचे सेल कुठला टाकला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. स्कूबा करताना मनगटावर डाइव्ह कॉम्प्युटर असतो, तो पाण्याच्या दाबावरून खोली मोजतो, वेळ मोजतो आणि अंगात किती नायट्रोजन साठला असेल त्याचा हिशोब धरून सांगतो की या खोलीवर अजून किती मिनिटं थांबलं तर चालेल, आणि फार भरभर वर यायला लागलात तर बोंबलतो. तो पाण्याखाली मेला तर डाइव्ह तिथेच संपवायची, मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त वेगाने नाही असं सावकाश वर यायचं, ५ मीटरवर ३ मिनिटं थांबायचं आणि वर. म्हणजे सेल संपणं ही टीव्हीच्या रिमोटसारखी "हापटा दोनदा, चालेल" अशी गोष्ट नाही.

तर माझी शेवटची डाइव्ह मेमध्ये, तुमच्याच मालवणात. त्यानंतर पावसाळा, डायव्हिंग बंद, कॉम्प्युटर त्याच्या जाड रबरी कापडाच्या पाऊचमध्ये, पाऊच बॅगेत आणि बॅग माळ्यावर. ऑक्टोबरमध्ये काढला तर ठार. म्हटलं ठीक आहे, जुना सेल असेल. नवा सीआर २४५० आणला, घातला, आणि आता मी किती जबाबदार मुलगी आहे ते बघा, पाणी शिरत नाहीये ना हे तपासायला तो पूलमध्ये नेला, छान चालला, पुसला-बिसला नाही, तसाच पाऊचमध्ये टाकला. तीन आठवड्यांनी मालवणला बोटीवर चढताना बघते तर परत ठार. मग भाड्याचा घेऊन डाइव्ह केली. त्याआधी पुण्यात एका दुकानात दाखवलेला तर त्यांनी न उघडताच सांगितलं होतं की आतला बोर्ड गेला असणार, नवीन घ्या. मी जवळजवळ घेतलाच होता.

मीही काही कमी डोकं लावलं नव्हतं. ऑनलाइन मागवलेला सेल डुप्लिकेट असेल, बॅगेत लाइटचं बटण दाबलं जात असेल, झाकणातून ओल शिरत असेल, असे तीन संशयित होते. मल्टीमीटरने मेलेला सेल मोजला तर २.९ व्होल्ट! म्हटलं सेल तर चांगला आहे, म्हणजे बोर्डच गेला, दुकानवाला बरोबर. तुम्ही तो सेल घेतलात, त्याच्या दोन टोकांना एक बारकुसा रेझिस्टर लावलात, म्हणजे त्याला थोडं कामाला लावलंत, आणि मग मोजलंत, तर आकडा घसरत घसरत २.३ वर. हा लिथियमचा नाणेसेल बिनकामाचा बसलेला असताना शेवटपर्यंत ३ च्या आसपास दाखवत राहतो, कामाला लावला की खरं कळतं. आमच्या ऑफिसातही असे दोघं आहेत, असो.

मग तुम्ही भिंग लावून यंत्राच्या कडेचे ते दोन धातूचे ठिपके बघत बसलात. मी आपली घाई करतेय की काका मागचं झाकण उघडा ना, आणि तुमचं लक्षच नाही. नवा सेल घातलात, स्क्रीन आली, मिनिटभर थांबलात, यंत्र काही झोपलं नाही, म्हणजे स्क्रीन बंद झाली नाही. कोपऱ्यात "एसी" अशी दोन अक्षरं तशीच. मी ती अक्षरं आधी पण बघितली होती आणि खरं सांगते, मला वाटलं होतं अलार्म क्लॉक. तुम्ही म्हणालात, "ह्येका झोपच लागना नाय."

आणि मग मला विचारलंत की बाय, पावसात मिठाक पाणी सुटता मां?

काका, मी इंजिनियर आहे. माझ्या आईच्या स्वयंपाकघरात जुलै महिन्यात मिठाच्या बरणीत तांदूळ घातलेले असतात हे मी लहानपणापासून बघतेय. पण हे दोन तुकडे माझ्या डोक्यात कधीच एकमेकांना भेटले नव्हते. ते ठिपके म्हणजे पाणी ओळखायचे कॉन्टॅक्ट. दोघांच्या मध्ये पाणी आलं की बारीक करंट वाहतो आणि यंत्राला वाटतं, उतरलो आपण, उठा. ते "एसी" म्हणजे त्याचीच खूण. बोटीवरून उडी मारल्यावर बटण दाबायला विसरलात तरी आपोआप चालू व्हावं म्हणून ही सोय. त्या ठिपक्यांच्या मध्ये समुद्राच्या मिठाचा पांढरा थर बसलेला, आणि समुद्राच्या मिठात नुसतं सोडियम क्लोराइड नसतं, मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, जे हवेतली ओल हावरटासारखं ओढून घेतं. त्यात तो पाऊच, जो मी एकदाही धुतला नव्हता. म्हणजे माळ्यावर अंधारात, समुद्रापासून एवढ्या लांब पुण्यात, माझा कॉम्प्युटर अख्खा पावसाळा जागा राहून खाली उतरायची वाट बघत होता. मला त्याची एकदम दयाच आली.

मेमध्ये मी तो धुतला होता हो. पण बोटीवरच्या टबात, जिथे सकाळपासून तीस जणांचे मास्क आणि रेग्युलेटर बुचकळून झालेले, संध्याकाळपर्यंत ते पाणी म्हणजे अर्धा समुद्रच.

तुम्ही कोमट पाणी मागवलंत, बुडवून ठेवलंत, मग जुन्या मऊ टूथब्रशने आणि लाकडी टूथपिकने सावकाश थर काढलात. मी खिशातली सेफ्टीपिन पुढे केली तर असे बघितलेत की मी ती परत खिशात घातली. कोरडं केल्यावर तीन-चार मिनिटांत स्क्रीन गेली. मग तुम्ही दोन बोटं जिभेला लावून ठिपक्यांवर टेकवलीत आणि स्क्रीन टुणकन जागी! परत पुसलंत, परत झोपलं. हे तुम्ही चार वेळा केलंत, त्यातल्या दोन वेळा तरी नुसती मजा म्हणून, मला कळत होतं.

आणि एवढ्यावर न थांबता तुम्ही सेल आणि त्याला टेकणाऱ्या पत्रीच्या मध्ये कागदाचा कपटा सरकवून मीटर मध्ये जोडलात. झोपलेला असताना तो करंट खात होता साधारण २० मायक्रोअँपिअर. ओलं बोट लावल्यावर १ मिलिअँपिअर, म्हणजे पन्नासपट. मी तिथेच तुमच्या बिलबुकाच्या मागे हिशोब केला, हा सेल अंदाजे ६०० मिलिअँपिअर-अवरचा, तर १ ने भागला की ६०० तास, म्हणजे २५ दिवस. माझे तीन आठवडे! झोपून राहिला तर तोच सेल कागदावर तीन वर्षं पुरेल. मी तो कागद फाडून आणलाय, बिल नंबर तुमच्या वहीत एक कमी असेल तो हाच.

मधे तुम्ही विचारलंत की सेल बदलला तर आतलं सगळं पुसतं का, आणि मी सांगितलं की बऱ्याच जुन्या मॉडेलमध्ये आधीच्या डाइव्हचा नायट्रोजनचा हिशोब पुसला जातो, यंत्राला वाटतं हा माणूस आज पहिल्यांदाच पाण्यात चाललाय, म्हणून दोन डाइव्हच्या मध्ये सेल बदलायचा नसतो. तेव्हा तुम्ही लगेच भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून दरडावलंत, "मगे उद्या उतरू नको." मी भाड्याच्या कॉम्प्युटरवर सकाळीच डाइव्ह केली होती हे तुमच्या लक्षात होतं. मी नाही उतरले काका. किल्ल्यावर जाऊन आले.

झाकणाची पाणी अडवणारी रबरी रिंग बसवायच्या वेळेला मी व्हॅसलिन लावा म्हटलं तर तुम्ही नाही म्हणालात, रबर कुठलं आहे ते माहीत नसताना ते लावायचं नाही, काही रबरं त्याने फुगतात. नवी रिंग, सिलिकॉन ग्रीस बोटाला कळेल न कळेल एवढंच, आणि झाकण लावायच्या आधी भिंगातून केस अडकलाय का ते बघितलंत, माझाच एक निघाला.

पैसे विचारले तर रिंगचे ४० रुपये. माझा सेल होता म्हणून सेलचे नाहीत, आणि बाकी दीड तासाचं, तुमच्या थंड झालेल्या जेवणाचं काहीच नाही. मी जबरदस्ती केली तर म्हणालात चहा पाज. चहा पण शेवटी तुमच्याच खात्यावर गेला, तो टपरीवाला माझ्याकडून घेईना.

आता जानेवारी संपत आलाय. डाइव्ह झाली की नळाच्या वाहत्या पाण्याखाली, मग कॉटनच्या फडक्याने ठिपके पुसून, पाऊच नाहीच, उघडा डबा, आणि निजवायच्या आधी बघते की "एसी" गेलंय ना. सेल तोच आहे, स्क्रीनवर बॅटरी फुल. सोबतच्या दोघींचेही कॉम्प्युटर असेच सेल खात होते, एकीचा टूथब्रशने बरा झाला. दुसरीचा नाही झाला, तिच्या झाकणातून खरंच पाणी आत गेलंय, तर तो घेऊन ती माझ्याबरोबर येणारे. मार्चच्या पहिल्या आठवड्यात, जेवणाच्या वेळेला नाही, चारनंतर.

आणि हो, तुमची ती सेल उचलायची प्लास्टिकची चिमटी, जी तुम्ही त्या दिवशी जाताना काउंटरखाली शोधत होतात ना, ती माझ्या बॅगेत सापडली. बाकरवडीबरोबर घेऊन येते.

तुमची,
पुण्याची सेफ्टीपिनवाली