फाटकावर उभी माणसं

सोलापूर,
10 मार्च

प्रिय बाळ,

येशूच्या नावात सप्रेम सलाम.

आज पाण्याचा दिवस. चार दिवसांनी पहाटे नळ आला. मम्मीनं आणि मी पिंपं, हंडे, कळश्या सगळं भरून घेतलं. आता झोप गेलीच आहे, तर तुला लिहायला बसलोय. फोनवर हे बोलणं होत नाही. तू रडायला लागतेस, मी गप्प होतो आणि मम्मी फोन काढून घेते.

काकाच्या दफनानंतर तू न जेवता पुण्याची गाडी धरलीस. दारात चप्पल घालताना म्हणालीस, "आजीनं सारा जन्म चर्चची फरशी पुसली. तिला म्हटलं तेच गीत काकाला? तीच पांढरी फुलं, आणि जागासुद्धा आजीच्या शेजारची? शेवटच्या तीन महिन्यांत प्रभूकडं वळला, तेवढ्यात सगळं फिटलं का पप्पा?" मी काही बोललो नाही. तुला वाटलं असेल, पप्पांना राग आला. राग नव्हता आला. तोच प्रश्न माझ्याही पोटात होता.

तू हिशेबाचं काम करतेस आणि तुझ्या हिशेबात चूक नाही. आजीची तांब्यापितळेची भांडी काकानं एकेक करून मोडीत घातली. एका नाताळच्या आदल्या रात्री करंज्यांसाठी ठेवलेले पैसे तो घेऊन गेला, तेव्हा आजीनं शेजारून गूळ आणि रवा उसना आणला होता. तू सात वर्षांची असताना त्यानं रात्री दारावर लाथा घातल्या, ते तू विसरली नाहीस. विसरावंस असं मी म्हणणारही नाही.

एक गोष्ट सांगतो, मम्मीलाही माहीत नाही. जानेवारीत पाळकसाहेब घरी येऊन काकाला प्रभुभोजन देत होते. काकाचा हात इतका थरथरत होता की द्राक्षरसाची ती इवलीशी पेली त्याच्या दातांवर वाजली. तो म्हणाला, "साहेब, मला लई उशीर झाला." पाळकसाहेबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. आणि मी खाटेच्या पायथ्याशी उभा राहून मनात बेरीज करत होतो. दवाखाना इतका, औषधं इतकी, आईची भांडी इतकी. माझ्याही हातात तीच पेली होती, बाळ. प्रभूचं रक्त म्हणून ती हातात धरायची आणि भावाच्या नावावर उधारी मांडायची, हे मी केलं. त्या रात्री मला झोप आली नाही. मग आमचे अण्णा आठवले.

तू तुझ्या आजोबांना पाहिलं नाहीस. मत्तयाच्या 20व्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला चर्चमध्ये वाचला गेला की अण्णा रडायचे. हमसून नाही, टोपीनं डोळे पुसत. मला लाज वाटायची. मी आईला विचारायचो, यात रडण्यासारखं काय आहे? मालक सकाळी मजूर आणतो, नवाला आणतो, बाराला, तीनला, आणि शेवटी पाचला आणतो आणि सगळ्यांना सारखा एक दीनार देतो. मला तर तो मालक अन्यायीच वाटायचा. आई म्हणायची, "तुझ्या बापाला विचार." बापाला असं काही विचारायची तेव्हा पद्धत नव्हती.

अण्णा गिरणीत बदली कामगार होते. 1877 साली पहिली गिरणी सुरू झाली तेव्हापासून हे गाव भोंग्यावर उठायचं आणि भोंग्यावर जेवायचं. पण भोंगा कायम कामगाराचा. बदलीवाल्यानं भोंग्याआधी फाटकावर जाऊन उभं राहायचं. आत किती खाडे झालेत ते पाहून जॉबर, म्हणजे गिरणीचा मुकादम, बाहेर यायचा आणि बोट दाखवायचा: तू, तू, तू ये. बाकीच्यांनी घरी जायचं. अण्णांचे महिन्याला बारा-तेरा दिवस भरले तर आई देवाचे आभार मानायची. 1972 च्या दुष्काळात तर खेड्यापाड्यांतली माणसं सोलापुरात आली आणि फाटकावरची गर्दी दुप्पट झाली. घरात मिलोच्या, म्हणजे बाहेरून आलेल्या तांबड्या ज्वारीच्या भाकरी, शाळेत सुकडी. मी नऊ वर्षांचा होतो.

त्या उन्हाळ्यात आईनं मला मधल्या मारुतीच्या बाजारात सुईदोरा आणायला पाठवलं. मी उंडारत किल्ल्याकडं गेलो, तर तटाखाली तलावाच्या काठावर अण्णा बसलेले. भर दुपार. डबा मांडीवर, झाकण लावलेलं. मी हाक मारणार होतो, पण ते हातातली बारीक खडी एका हातातून दुसऱ्या हातात ओतत होते. परत पहिल्या हातात, परत दुसऱ्या. ते पाहून माझी हाक घशातच राहिली. मी तसाच मागं फिरलो. संध्याकाळी पाळी सुटल्याचा भोंगा झाला आणि थोड्या वेळानं अण्णा घरी आले, रोजच्यासारखे. आईनं डबा घेतला, उघडला, भाकरी तशीच होती. ती काही बोलली नाही. तीच भाकरी तिनं तव्यावर कडक करून रात्री आम्हाला शेंगाच्या चटणीशी वाढली. माझ्या घशाखाली उतरेना.

जो माणूस पाच वाजेपर्यंत उभा राहतो तो आळशी असतो, असं मला त्याआधी वाटायचं. दाखल्यात मालक विचारतो ना, दिवसभर इथं रिकामे का उभे आहात? ते म्हणतात, आम्हाला कोणी कामाला लावलं नाही. अण्णांना रडू यायचं ते या एका वाक्याला. बाकी सगळी मंडळी पहाटे आलेल्या मजुरांच्या रांगेत उभी राहून तो दाखला ऐकायची. अण्णा तो पाच वाजेपर्यंत उभं राहिलेल्याच्या जागेवरून ऐकायचे.

काकाला मी अण्णांच्या जोडीला बसवत नाही. अण्णांना कामाला कोणी घेतलं नाही. काकाला देवबापानं किती वेळा हाक मारली, तो गेला नाही. हा फरक आहे आणि तो मी झाकणार नाही. पण मालक पाच वाजता परत बाजारात का गेला, हे मला आता वेगळं दिसतं. प्रवचनात सांगतात की काढणी आली होती, माल खराब झाला असता. नान्नजकडच्या बागायतदाराला विचारलंस तर तोही हेच म्हणेल, द्राक्षं उतरली की ती कोणासाठी थांबत नाहीत. पण दाखल्यात तसं कुठंच लिहिलेलं नाही. तासाभरासाठी आणलेला माणूस किती घड तोडणार? मला वाटतं, तो गेला तो फाटकावर कोण राहिलंय ते बघायला. मोशेच्या नियमशास्त्रात आज्ञा आहे, मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्या, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो. दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. एका तासाच्या मापानं दिला असता तर त्या घरी त्या रात्री चूल पेटली नसती.

वधस्तंभावरच्या चोराला प्रभूनं शेवटच्या घटकेला जवळ केलं, त्याचा आपल्याला किती आनंद होतो! त्यानं आपल्या घरातली भांडी नेली नव्हती, म्हणून तो सोपा जातो.

अजून एक राहिलं. आमच्या शेजारी एक पद्मशाली कुटुंब होतं. त्यांना आम्ही पोरं मामा म्हणायचो. मामा गिरणीच्या साळखात्यात, म्हणजे मागांवर, कायम कामगार. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघायचा तेव्हा मला खांद्यावर घेऊन दाखवायचे. दुष्काळाच्या वर्षात मामांना दर महिन्याला दोन दिवस ताप यायचा. घोंगडं घेऊन पडून राहायचे, आणि नेमक्या त्याच दिवशी अण्णांना काम मिळायचं. मामी एकदा आईजवळ बोलून गेली तेव्हा कळलं. ताप कसला, ते खाडा करत होते. स्वतःचे दोन दिवस बुडवून. अण्णांना त्यांनी हे कधी कळू दिलं नाही, आणि कळल्यावर अण्णांनीही कधी दाखवलं नाही. फक्त त्या नाताळात करंज्यांचं पहिलं ताट मामांकडं गेलं. मामा पहाटे आलेले मजूर होते, बाळ. त्यांनी कुरकूर केली नाही. पाचवाल्यासाठी जागा करून दिली. सुवार्ता मी चर्चमध्ये पुष्कळ ऐकली, पण कोणी ती अंगावर घेतलेली मी पहिल्यांदा त्या घोंगड्याखाली पाहिली.

म्हणून फेब्रुवारीत मी काकाला अंघोळ घालू लागलो. तोवर मम्मी गड्याला पैसे देऊन करून घेत होती. त्याची पाठ चोळताना कळलं, ती थेट अण्णांची पाठ होती, तोच बाक, मानेखाली तोच तीळ. बेरीज पुरती थांबली असं म्हणणार नाही. मधूनच येते. मग मी पाणी ओततो.

तुला काकाला माफ कर असं सांगायला हे लिहिलं नाही. तुझं दार त्यानं ठोठावलं होतं, माझं नाही. ते तुझ्यात आणि प्रभूमध्ये.

ईस्टरच्या पहाटेची उपासना कबरस्थानात आहे. जमलं तर आदल्या दिवशीच ये. मम्मीनं शेंगाची चटणी कुटून ठेवलीय, तुझ्यासाठी तिखट कमी. काकाच्या कबरीची माती अजून बसलेली नाही, पाळकसाहेब म्हणाले दगड पावसाळ्यानंतर लावू. त्या दिवशी सगळ्यांनी मूठ मूठ माती टाकली. तुझ्या वाटची मूठ मी कोणाला टाकू दिली नाही, आजीच्या कबरीच्या कडेला काढून ठेवलीय. टाकायची की नाही ते तू तिथं उभी राहून ठरव.

तुझे,
पप्पा