विषय: बॅरल ट्यूनरच्या सदोष सेटिंगबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

गेल्या डिसेंबरमध्ये मी आपल्याकडून .22 रायफलसाठी बॅरल ट्यूनर, म्हणजे नळीच्या तोंडावर बसवायचे पुढे-मागे सरकणारे वजन, मागवला. वरळीच्या रेंजवर मी 50 मीटर प्रोनचा (पालथे पडून नेमबाजीचा) सराव करतो. उन्हात काडतुसातील दारू तापली की गोळीचा वेग वाढतो, आणि वेगात सेकंदाला 10 मीटरचा जरी फरक पडला तरी गोळी टार्गेटवर सुमारे 7 मिलिमीटर वर-खाली लागते; दहा गुणांचे वर्तुळ मुळात 10.4 मिलिमीटरचे. संथ गोळी नळीचे तोंड वर उचलले जात असताना सुटावी आणि ही तूट भरून निघावी, यासाठी नळीची थरथर ट्यूनरने जुळवायची असते. त्यासाठीच मी हा खर्च केला.

जानेवारीत एका रविवारी सकाळी साडेसातला, 19 अंश तापमानात, ट्यूनरच्या कड्यावरील 36 व्या क्लिकवर (खाचेवर) 10 गोळ्यांच्या ग्रुपची, म्हणजे टार्गेटवरील छिद्रांच्या पुंजक्याची, उंची 12 मिलिमीटर आली. दुपारी 31 अंशांवर तीच 19 झाली आणि आपल्या तापमानाच्या तक्त्याप्रमाणे 5 क्लिक पुढे जाताच 13 वर आली. इथवर मी समाधानी होतो. पुढच्या रविवारी तीच वेळ, तेच तापमान, त्याच लॉटची काडतुसे आणि तेच 36 क्लिक असूनही ग्रुप 18 मिलिमीटर उभा पसरला.

तेव्हा ट्यूनर रायफलवरून उतरवून घरी आणला आणि टेबलावर व्हर्निअरने मोजला. 30 कडून 36 वर आणल्यास आणि 42 कडून मागे 36 वर आणल्यास, आकडा एकच दिसत असताना, पुढच्या वजनाच्या जागेत 0.2 मिलिमीटरचा फरक पडतो. एका फेऱ्यात 25 क्लिक आणि 1 मिलिमीटर सरक, हे आपल्याच माहितीपत्रकात छापले आहे. म्हणजे आट्यांमधली ढिलाई बरोबर 5 क्लिकची, सकाळ ते दुपारची जेवढी दुरुस्ती तेवढीच. लॉक स्क्रू आवळताना बाहेरचे कडेही किंचित फिरते, ते वेगळेच.

आपल्या प्रतिनिधींनी फोनवर 'मुंबईची दमट हवा' हे कारण दिले. माझी मोजणी एकही गोळी न झाडता, बंद खोलीत, पंख्याखाली झाली आहे; तिथे दमट हवेने आटे ढिले होत असतील तर माझ्या घरातले सगळे नळ एव्हाना गळायला हवे होते. उष्म्यावर रामबाण उपाय मी मागत नाही. 36 म्हटल्यावर दरवेळी एकच जागा मिळावी, एवढीच अपेक्षा आहे, कारण त्याशिवाय आपला तापमानाचा तक्ता निरुपयोगी आहे.

तरी पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत ट्यूनर बदलून द्यावा किंवा पूर्ण रक्कम परत करावी. अन्यथा ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार मला जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे लागेल. पावतीची प्रत आणि मोजणीची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. ट्यूनर मूळ खोक्यात भरून तयार आहे. तो नेण्यासाठी आपला माणूस पाठवावा, कुरिअरचा भुर्दंड मी सोसणार नाही.

आपला,
एक ग्राहक
दादर, मुंबई