एका सामन्याचा पिचर

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

परवा तू विचारलंस, "एका सामन्याला कारकीर्द कसं म्हणायचं?" तेवढ्यात फोन कटला. तेव्हापासून अमेरिकेतल्या मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेत, एकच सामना खेळलेला पिचर (चेंडू टाकणारा) ॲलन ट्रॅव्हर्स डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसलो.

१९१२चा मे महिना. न्यूयॉर्कच्या मैदानावर डेट्रॉइट टायगर्स या संघाचा खेळाडू टाय कॉब प्रेक्षकांत घुसला आणि शिव्या देणाऱ्या एकाला त्याने बेदम मारलं. छापखान्यातल्या अपघातात त्या माणसाचा एक हात गेला होता, दुसऱ्याची तीन बोटंही. टायगर्स ज्यात खेळत, त्या अमेरिकन लीगचे अध्यक्ष बॅन जॉन्सन यांनी कॉबला निलंबित केलं, तर सगळा संघ संपावर! शिव्या कितीही घाण असोत, अपंगाला मारणाऱ्यासाठी संप करावा हे मला पटत नाही.

संघ उतरला नाही तर मालकाला सामन्यामागे ५००० डॉलर दंड. मग १८ मे रोजी फिलाडेल्फियात तिथलीच पोरं गोळा केली. ट्रॅव्हर्स वीस वर्षांचा, सेंट जोसेफ्स कॉलेजचा विद्यार्थी. तिथल्या संघाचा सहायक मॅनेजर, खेळाडू नव्हे. इतरांना २५ डॉलर, पिचरला ५०, म्हणून हा पिचर झाला.

समोर फिलाडेल्फिया ॲथलेटिक्स, आधीची दोन्ही वर्षं वर्ल्ड सीरिज, म्हणजे मेजर लीगचं अजिंक्यपद, जिंकलेले. टायगर्सचे मॅनेजर ह्यूई जेनिंग्ज यांनी बजावलं, वेगात टाकू नकोस, जिवावर बेतेल. तो संथ, वळणारे चेंडू टाकत राहिला. २६ फटके, ७ वॉक (चुकीच्या चेंडूंमुळे फलंदाजाला फुकट मिळणारा पहिला तळ), २४ रन! त्यातल्या १४च त्याच्या चेंडूफेकीचा दोष धरल्या, बाकीच्या क्षेत्ररक्षण करणाऱ्या पोरांच्या चुकांमुळे. पण एकाला त्याने स्ट्राइकआउट केलं, म्हणजे निव्वळ आपल्या चेंडूंवर बाद केलं, सुधीर. तो एकाचा आकडा मी दोनदा वाचला.

टायगर्स २४-२ने हरले. यजमान शेवटी फलंदाजी करतात; ते पुढेच असल्याने त्यांना नववी, म्हणजे शेवटची इनिंग खेळायची गरजच उरली नाही, आणि आठही इनिंग चेंडू ट्रॅव्हर्सच्याच हातात. आपल्या कॉलेजच्या त्या सामन्यात तीन षटकं मार खाल्ल्यावर मी आपणहून चेंडू कॅप्टनला देऊन टाकला होता, तुला आठवत असेल. मला ते अजून टोचतं.

पुढच्या सामन्याला खरे टायगर्स परतले. ट्रॅव्हर्स मेजर लीगमध्ये पुन्हा खेळला नाही. १९२६ साली तो जेझुइट या कॅथलिक संघातला धर्मगुरू झाला, मुलांना शिकवत राहिला, १९६८मध्ये गेला. अमेरिकन लीगमध्ये एका सामन्यात सर्वाधिक रन देण्याचा विक्रम अजून त्याच्याच नावावर आहे.

आता सांग, याला कारकीर्द म्हणायची की नाही? उत्तर पत्रानेच पाठव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश