शेरूची शेकहँडची सवय मोडावी लागेल

कोलंबस, ओहायो
८ मार्च

चि. सायलीस,

अनेक आशीर्वाद. आजीला साष्टांग नमस्कार, दादा-वहिनींना नमस्कार सांग.

शेरूचा व्हिडिओ पाहिला. पंजा मोठ्या ऐटीत देतो, पण तुला त्याला थेरपी डॉग, म्हणजे म्हाताऱ्या-आजारी माणसांना भेटून आनंद देणारा कुत्रा, म्हणून वृद्धाश्रमात न्यायचं असेल तर आधी तीच सवय मोडावी लागेल. म्हातारपणी कातडी कागदासारखी होते, त्यात रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर नखाचा एक ओरखडा पुरतो. पंजा उचलला की बघायचंसुद्धा नाही. हनुवटी मांडीवर टेकवली की लगेच खाऊ. घरातल्या सगळ्यांनी हाच नियम पाळायचा, नाहीतर दादा गुपचूप शेकहँड करणार आणि तुझी मेहनत पाण्यात.

गावठी चालतो का, असं विचारलंस. जातीची अट सहसा नाही, वयाची आहे. थेरपी डॉगची परीक्षा घेऊन नोंदणी करणारी इथली पेट पार्टनर्स ही संस्था १ वर्ष पूर्ण झाल्याशिवाय घेत नाही; ब्रिटनची तशीच संस्था पेट्स ॲज थेरपी ९ महिन्यांचा कुत्रा घेते, पण तो निदान ६ महिने तुमच्याकडे राहिलेला हवा. शेरू १४ महिन्यांचा आहे. मी म्हणेन, दिवाळीपर्यंत नुसती तयारी कर.

खरी परीक्षा स्वभावाची. अनोळखी माणसाला खुर्चीत बसव, त्यानं हाक मारायची नाही, हात पुढं करायचा नाही. शेरू आपणहून जवळ जाऊन रेंगाळतो का बघ. तीन-चार वेगवेगळ्या माणसांबरोबर बघ, त्यात एक काठीवाले आजोबा असू देत. नुसतं सहन करणारा कुत्रा या कामाचा नाही. त्याला माणसं आवडायला हवीत. ते शिकवून येत नाही.

शिकवायचं ते थोडंच आहे. बस, झोप, थांब, लीश (गळपट्ट्याची दोरी) सैल ठेवून चालणं आणि ‘सोड’. यातलं ‘सोड’ सगळ्यात महत्त्वाचं, कारण खाटांखाली गोळ्या पडलेल्या असतात. आधी बिस्कीट मुठीत, मग जमिनीवर तळव्याखाली, मग उघडं, शेवटी चालता चालता हातातून पाडलेलं. सोडलं की बक्षीस दुसऱ्या हातातून, दुसरं काहीतरी. पडलेलंच उचलून दिलंस तर ‘जरा थांबलं की ते मिळतं’ एवढंच तो शिकतो. आणि आजीच्या शेंगाचटणीचा घास बंद. लसूण, कांदा, मनुका, चॉकलेट हे कुत्र्याला विषच.

मग व्हीलचेअर, वॉकर, सलाईनचा स्टँड. भाड्यानं व्हीलचेअर आण, १५ फुटांवर नुसती उभी कर. खाऊ घेतो का? घेत असेल तर थोडं जवळ. खाऊ नाकारला की तो घाबरलाय असं समज आणि मागं ये. एका वेळी ३ ते ५ मिनिटं, त्याहून जास्त नाही. चालती खुर्ची शेवटी. जवळ जाताना समोरून नाही, बाजूनं, म्हणजे पंजा-शेपूट पुढच्या लहान चाकाखाली येत नाही. खाटेशी जाण्याआधी सलाईनची नळी कुठून येते आणि लघवीची पिशवी कुठल्या बाजूला लटकतेय ते बघायचं; लीश नेमकी त्या पिशवीत अडकते. लीश साधी, ४ ते ६ फुटी. लांबणारी डबीवाली नको, काट्यांचा गळपट्टा तर नकोच.

इथल्या परीक्षेत अनोळखी माणूस धसमुसळेपणानं कुरवाळतो, मिठी मारतो, कुणी मागून धक्का देतो, दोघं मोठ्यानं भांडतात, मग तिघंचौघं एकदम भोवती जमतात. पास झालं तरी पेट पार्टनर्समध्ये दर २ वर्षांनी पुन्हा परीक्षा. हे सगळं दादाच्या मित्रांकडून करून घे. भांडणाचा भाग त्यांना शिकवावा लागणार नाही.

आता गैरसमजाचं. थेरपी डॉग म्हणजे अंधांना रस्ता दाखवणारा सर्व्हिस डॉग नव्हे. त्याला दुकानात, बसमध्ये शिरायचा खास हक्क अमेरिकेतही सहसा नाही. जिथं बोलावलंय तिथंच जायचं. संस्थाचालकांची लेखी परवानगी घे. सिव्हिल हॉस्पिटलपासून सुरुवात करू नकोस, गर्दी आणि जंतुसंसर्ग दोन्ही जास्त. वृद्धाश्रम किंवा विशेष मुलांची शाळा बरी. मुंबई-पुण्यात ॲनिमल एंजल्स फाउंडेशन हे काम करते, त्यांना लिहून विचार.

लसीचं कार्ड कायम जवळ ठेव, कारण लोक पहिला प्रश्न रेबीजचाच विचारतात, आणि बरोबरच विचारतात. जंतांचं औषध डॉक्टर सांगतील तसं, गोचिडांवर बारा महिने लक्ष. कच्चं मांस बंद: कुत्रा ठणठणीत दिसतो आणि विष्ठेतून साल्मोनेला पसरवतो. आदल्या दिवशी आंघोळ, नखं कापून कानशीनं घासलेली. प्रत्येक माणसाआधी आणि नंतर त्यांच्या आणि तुझ्या हाताला सॅनिटायझर. चाटू द्यायचं नाही. मांडीवर धुतलेली चादर, दर माणसाला वेगळी. सोलापुरात राहून चादरींची वानवा नको. ओरखडा उठलाच तर लपवायचं नाही. साबण आणि वाहतं पाणी, १५ मिनिटं, लगेच कर्मचाऱ्यांना सांगायचं. पुढचं डॉक्टर ठरवतील.

एप्रिल-मेमध्ये सकाळी ८च्या आत परत या. हाताचा मागचा भाग डांबरावर ७ सेकंद टेकवून बघ. तुला सोसवत नसेल तर त्याच्या पंजालाही नाही. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, विशेषतः शोभेच्या दारूकामाच्या आसपास, भेट ठेवूच नकोस.

भेट पहिले दोन महिने २० मिनिटांची, पंधरा दिवसांतून एकदा. पुढंही तासाच्या वर नको. दरवाजातच विचारायचं, “कुत्रा आवडतो का?” नाही म्हटलं की हसून पुढं. कुणाला भीती, कुणाचं सोवळं, कुणाला नमाजाआधी लाळ नको. कारण विचारायचं नाही. आजार काय हेही नाही. “शेतावर राखणीला कुत्रं होतं का?” एवढं पुरतं, मग ते बोलतात. आपल्याकडं सोलापूरच्या पूर्वभागातल्या कितीतरी आज्या तेलुगूत मोकळ्या होतात, कुणी कन्नडमध्ये. कुत्र्याला तेलुगूत ‘कुक्का’, कन्नडमध्ये ‘नायी’. दोन-तीन वाक्यं पाठ कर. फोटो काढायचे नाहीत.

शेवटचं, आणि मला वाटतं मुख्य. परीक्षा शेरूची दिसते, पण असते तुझी. भुंकणं-गुरगुरणं फार उशिरा येतं. त्याआधी तो ओठ चाटतो, झोप नसताना जांभई देतो, मान वळवतो, डोळ्यांच्या कडेचं पांढरं दिसतं, अंग ओलं नसताना झटकतो, नेहमीचा खाऊ तोंडातून टाकतो. यातलं एक दिसलं की त्या माणसापासून दूर घे, दुसरं दिसलं की भेट संपली. समोर रांगेत कितीही जण वाट बघत असोत. “अजून एकाच आजींना भेटू” इथंच नव्या हँडलरची, म्हणजे कुत्र्याला घेऊन जाणाऱ्याची, चूक होते; शेरूला ‘बास’ म्हणता येत नाही, ते तू म्हणायचंस. घरी आल्यावर त्याला शांत झोपू दे. दुसऱ्या दिवशी लीश दाखवल्यावर तो मागं सरला तर दोन आठवडे सुट्टी.

पुढचा व्हिडिओ शेकहँडचा नको. पाहुणे आलेत आणि तो कंटाळलाय, असा पाच मिनिटांचा पाठव. कान आणि शेपूट दोन्ही दिसू दे.

तुझी,
आत्या