कागद पाठवला नाही, त्याचं कारण

गंगापूर, नाशिक

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "अण्णा, कागद कुरियरने पाठवा, मी सही करून लगेच परत पाठवते." मी हो म्हणालो. चार दिवस झाले, कागद अजून माझ्याच पेटीत आहे. एकदा पाकीट खिशात घालून नाक्यापर्यंत गेलो होतो, तिथूनच माघारी फिरलो. फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून लिहितो.

कागद हक्कसोडपत्राचा आहे, नदीकडच्या तीन एकरांचा. ती जमीन घ्यायला निघालेल्या बिल्डरचे वकील म्हणतात, २००५ च्या कायद्याने वडिलोपार्जित जमिनीत मुलीचाही जन्मापासून हिस्सा आहे, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते पक्कं केलं, तेव्हा घरातल्या मुलींच्या सह्या आधी पाहिजेत. तुझ्या दोन्ही काकांना यात अवघड काही दिसत नाही. "आपल्याच पोरी आहेत, देतील सह्या." तू देशीलही, मला ठाऊक आहे. पण सातवीनंतर तू शिकायला बाहेर पडलीस ती सुट्टीपुरतीच येत राहिलीस. कशावर पाणी सोडते आहेस ते तुला माहीत नसताना मी तुझ्यापुढे कागद धरणार नाही.

नाशकात कुणालाही विचार, गंगापूर रोड माहीत असतो. त्या रस्त्यावर शाळा आहेत, दवाखाने आहेत, मोठमोठी दुकानं आहेत. पण रस्ता ज्या गावावरून ओळखला जातो, ते गाव पाहिलेली माणसं त्या मानाने कमी. आनंदवल्ली मागे टाकली, सोमेश्वर ओलांडलं की आपलं गावठाण लागतं. १९८२ साली महापालिका झाली आणि आपली घरपट्टी शहरात गेली. गाव मात्र आहे तिथेच राहिलं. अजून कुणाच्या घरी माणूस गेलं की निरोप पारावर आधी पोचतो, मोबाइलवर नंतर.

रविवारी सकाळी गाड्यांची रांग लागते. कुणी मिसळ खायला, कुणी धरणाकडे, कुणी वाइनरीत. श्रावणी सोमवारी सोमेश्वराला तर पाय ठेवायला जागा नसते. लोक येतात याचा मला आनंदच आहे. तिथला धबधबा पाहून सगळे फोटो काढतात. त्या जागेचं जुनं नाव दूधस्थळी. काळ्या खडकावरून पाणी पांढरं फेसाळत उतरतं, ते पाहिलं की नाव कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पावसाळ्यात रात्री वारा खालून आला की त्याचा आवाज आपल्या ओसरीत ऐकू येतो. आवाज वाढला की तुझी आजी अंथरुणात उठून बसायची आणि म्हणायची, "पाणी सोडलं."

गावाच्या वर हे धरण आहे म्हणून गावाचं पंचांगच वेगळं आहे. मातीचं धरण, १९६५ साली पुरं झालं. तुझे आजोबा तिथे मातीकामाला होते. पाट्या वाहून वाहून त्यांच्या डोक्याच्या मधोमध केस विरळ झाले होते, तिथे हात लावून ते सांगायचे, "हे धरणाचं." आज अख्ख्या नाशकाची तहान मुख्यतः त्या पाण्यावर भागते. धरणाची क्षमता आता ५६३० दशलक्ष घनफूट धरतात. आधी ती बरीच जास्त होती, पण इतक्या वर्षांत गाळ बसला. खाली जायकवाडीलाही पाणी द्यावं लागतं आणि त्यावरून दर दुष्काळात भांडण होतं. मला त्यात कुणाला दोष द्यायचा नाही. पैठणकडच्या शेतकऱ्याचंही पीक जळतंच.

पूर तू पाहिला नाहीस. २००८ ला आला, २०१६ ला आला, २०१९ ला आला. शहरातली माणसं रामकुंडावर दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं ते बघतात. आम्ही आपल्या विहिरीच्या पायऱ्या मोजतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आपल्या द्राक्षबागेच्या नदीकडच्या सहा ओळी पाण्यात गेल्या. पाणी उतरल्यावर पाहिलं तर मांडवाच्या तारांना गवत आणि काटक्या लोंबत होत्या आणि खाली बोटभर चिकणमाती बसली होती. तीन आठवडे बागेत पाय ठेवता आला नाही. पण त्या मातीत पुढच्या वर्षी काडी जी फुटली, तशी मी आधी कधी पाहिली नव्हती.

आता जुनं थोडं सांगतो. तुला इतिहासाची आवड होती, आठवीत बक्षीसही मिळालं होतं. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई पुणं सोडून आपल्या गंगापूरला येऊन राहिल्या. विश्वासराव पानिपतात गेले, माधवराव थेऊरला क्षयाने गेले, नारायणरावांचा १७७३ साली शनिवारवाड्यात खून झाला. तीन मुलगे गेलेली ही बाई याच नदीच्या काठी राहिली. आणि नदीने चार-पाच किलोमीटर खाली गेलं की आनंदवल्ली. त्या गावाचं आधीचं नाव चावंडस. राघोबादादांनी तिथे वाडा बांधला आणि आनंदीबाईंच्या नावावरून गावाला आनंदवल्ली नाव पडलं. ज्या घराने आपला मुलगा मारला असं एकीला वाटत असेल, त्या घराकडे तिच्या दारावरून गेलेलं पाणीच वाहत जायचं. मी लहानपणापासून हे मनात घोळवत आलोय. नदीवर उभा राहिलो की अजून घोळतं. याच गोपिकाबाईंनी नातवाला, सवाई माधवरावांना, कसं वागावं याचं पत्र लिहिलं. पोराबाळांना पत्र लिहिण्याचा आपल्या गावाचा रिवाज जुना आहे म्हण.

त्याच्याही मागे जा. पुरातत्त्वाचे अभ्यासक ह. धी. सांकलियांना गंगापूरजवळ गोदावरीच्या थरांत अश्मयुगातल्या माणसाची दगडी हत्यारं सापडली होती. म्हणजे आपल्या बांधाशेजारी माणूस किती काळ बसतोय, याचा मला हिशेबच लागत नाही.

आणि एक गोष्ट, जिच्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला बसलो. तू दहा वर्षांची असताना आपण पांडवलेणी चढलो होतो. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत मी तुला भिंतीवरची अक्षरं दाखवली होती. तू म्हणाली होतीस, "हे कोणी खरडलं?" ती ब्राह्मी लिपी आहे, भाषा प्राकृत, आणि मजकूर जमिनीच्या कागदाचा आहे. गौतमीपुत्र सातकर्णी राजाने गोवर्धनच्या अमात्याला दिलेला हुकूम. गोवर्धन म्हणजे आपल्या शेजारचं गोवर्धन, जिथे तुझी मावशी राहते. त्या काळी साऱ्या मुलखाचा कारभार त्या नावाने चालायचा. राजाने लेण्यातल्या भिक्षूंना एक शेत दिलेलं होतं. पुढे राज्याच्या चोविसाव्या वर्षी पुन्हा हुकूम निघाला की ते शेत कसलं जात नाही, गावही ओस पडलंय, तेव्हा नगराच्या सीमेवर आमचं जे शेत आहे त्यातली शंभर निवर्तनं (निवर्तन म्हणजे त्या काळचं जमिनीचं माप) जमीन यांना द्या. आणि या हुकमात राजाबरोबर त्याच्या आईचाही उल्लेख आहे. राजमाता, जिचा पुत्र हयात आहे, अशी ती स्वतःची ओळख देते.

नगराच्या सीमेवरचं शेत, मनू. आपलं तेच आहे. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या जमिनीच्या हुकमात एका बाईची ओळख दगडात कोरली, आणि मी माझ्या मुलीचं नाव कागदावरून कमी करायला निघालो होतो.

तुझ्या आत्याचं तुला कुणी सांगितलं नसेल. १९८९ ला आजोबा गेले. वर्ष व्हायच्या आत आम्ही तिघे भाऊ तिला दुय्यम निबंधकांच्या कचेरीत घेऊन गेलो. सासरहून येताना तिने आम्हा तिघांच्या घरी द्यायला कुरडयांचे तीन वेगवेगळे डबे भरून आणले होते. बाकावर बसून डबे मांडीवर धरले होते. नाव पुकारलं तेव्हा ते कुठे ठेवावे तिला कळेना, शेवटी माझ्या हातात दिले. "कुठं करू रे सही?" एवढंच विचारलं. कागद वाचला नाही, आम्ही वाचून दाखवला नाही. घरी आल्यावर आईने साडीचोळी केली आणि ती संध्याकाळच्या गाडीने गेली. त्या डब्यांचं वजन अजून माझ्या हाताला आठवतं. गेल्या महिन्यात तिच्या घरी जाऊन मी तिची माफी मागितली. ती रडली, मीही रडलो.

विकायला माझा विरोध आहे असं समजू नकोस. द्राक्षाचं आता परवडत नाही, हे खरं आहे. छाटणीला मजूर मिळत नाहीत, औषधांचे भाव कुठल्या कुठे गेले, फेब्रुवारीत ढग आला की झोप उडते. शेजारी दोन इमारती उभ्या राहिल्यात. फवारणीचा वास त्यांच्या घरात जातो, लहान मुलं आहेत, म्हणून मी पहाटे वारा पडलेला असताना फवारतो. कधी ना कधी ही बाग जाणार. पण गेली तर तुझा हिस्सा तुझ्या हातात पडेल. आणि ठेवायची म्हणालीस, तर तुझ्या तुकड्यात मी जिवंत असेपर्यंत वेल उभे ठेवीन. तुझ्या भावाशी मी बोललोय. तो आधी गप्प बसला, मग म्हणाला, "तिचं तिला द्या." काका रागावतील. त्यांच्याशी मी बोलेन, तू त्यात पडू नकोस.

द्राक्षाची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, आटोपली. तू येशील तेव्हा घड मणी धरायला लागलेले असतील. विरळणीच्या कात्र्या धार लावून ठेवल्यात, लहानपणी तुला त्यांना हात लावू देत नव्हतो. विहिरीच्या कठड्यावर सिमेंट ओलं असताना तू काडीने नाव लिहिलं होतंस, त्यातला 'म' थोडा उडालाय, बाकी शाबूत आहे.

दिवाळीला चार दिवस जास्तीची रजा काढ. आत्याही यायची आहे. सातबारा आणि फेरफाराचे उतारे मी काढून ठेवलेत, ते आधी तू स्वतः वाच, मग आपण सगळे बसू. आधार कार्ड विसरू नकोस. आणि मळ्याची वाट अजून चिखलाची आहे, जुनी चप्पल घेऊन ये.

तुझे,
अण्णा