ध्रुवच्या कानातलं पाणी

ती. आई-बाबांना,
सा. न.

काल फोनवर आई म्हणाली, "औषधच दिलं नाही, मग कसले डॉक्टर?" तेव्हा मी ऑफिसच्या गडबडीत होते, म्हणून आज सविस्तर लिहिते.

ध्रुवला ठणका नाही, ताप नाही, कानही वाहत नाही. मागच्या सर्दीनंतर पडद्याच्या आत चिकट पाणी साचून राहिलंय. कानातून नाकाच्या मागे उतरणारी नळी लहान मुलांत आखूड आणि आडवी असते. सर्दीत ती सुजली की पाण्याचा निचरा होत नाही. शाळेत जायच्या वयाआधी दहातल्या आठ-नऊ मुलांना हे एकदा तरी होतं, बऱ्याच घरी पत्ताही लागत नाही. त्याच्या कानात रबरी टोक घालून हवेचा दाब कमीजास्त केला, तर मशीनवर डोंगरासारखी रेघ यायची ती सपाट आली. पडदा हलतच नाहीये. टीव्हीचा आवाज वाढवत बसतो तो त्यामुळे.

अँटिबायोटिक किंवा सर्दीच्या औषधांनी हे पाणी लवकर जात नाही, पोट मात्र बिघडू शकतं. सर्दीनंतरचं असं पाणी बहुतेक मुलांत तीन महिन्यांत आपलं आपण जिरतं. म्हणून तीन महिने थांबून पुन्हा तपासायचं. तेव्हाही दोन्ही कानांत पाणी असेल आणि कमी ऐकू येत असेल, तर पडद्यात बारीक नळी, ग्रोमेट, बसवायचा विचार. त्याला पूर्ण भूल द्यावी लागते, म्हणून घाई नको. त्याचं बोलणं मागे पडलं असतं तर मीच इतकी थांबले नसते. पण त्याची बडबड तुम्ही ऐकताच.

आई, लसूण टाकलेलं कोमट तेल अजिबात नको. पाणी पडद्याच्या आत, तेल राहणार बाहेर. आणि बाबा, सिगारेटच्या धुराने हे दुखणं रेंगाळतं. गॅलरीत ओढून दार लावलं तरी धूर घरात येतोच, तेव्हा ध्रुव तिकडे असेपर्यंत तरी सिगारेट बंद. (कायमची सुटली तर आईला नवस फेडावा लागेल.)

गणपतीत तो तिकडे आला की स्वयंपाकघरातून हाका मारू नका. टीव्ही बंद करून, समोर बसून बोला. कान दुखला, ताप आला, तर मला कळवा आणि लगेच डॉक्टरांकडे न्या. त्याची फाइल बॅगेत ठेवतेय.

तुमची,
मनू