वाचा-भाषा तपासणी घरच्या बोलीत व्हावी

संपादक महोदय,

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाड्यांतील मुले तपासतात आणि त्यात बोलण्यातील विलंबही पाहिला जातो, हे स्वागतार्हच आहे. परंतु मेळघाटात, जिथे मूल घरी कोरकूच ऐकते, तिथे चित्रतक्ता पुढे धरून मराठीत ‘हे काय आहे?’ असे विचारले आणि मूल गप्प राहिले, तर तो वाचादोष आहे की केवळ अनोळखी भाषा, हे कळत नाही. आमच्या गावात असा शेरा मिळालेले एक पोर बकऱ्यांमागे फिरताना आजीशी अखंड बडबडत असते! खरा दोष घरच्या बोलीतही दिसतो. म्हणून आई-आजीला शेजारी बसवून त्या बोलीतच तपासणी व्हावी. त्याआधी श्रवणचाचणी हवीच, कारण वारंवार कान वाहणाऱ्या मुलाला पुष्कळदा कमी ऐकू येते. ‘बापही उशिराच बोलला’ म्हणून थांबणारे पालकही आहेत. पण तज्ज्ञांकडे न्यायचे तर धारणीहून अमरावती सुमारे १५० किलोमीटर, तेव्हा मजुरी बुडवून वारंवार कोण जाणार? वाचा-भाषा तज्ज्ञांनी महिन्यातील ठरलेल्या दिवशी धारणीच्या उपजिल्हा रुग्णालयात यावे आणि तो दिवस आशाताईंमार्फत आधी कळवावा, ही आरोग्य विभागाला विनंती.

– एक पालक, ता. धारणी, जि. अमरावती